दाढ काढल्यावर लगेच ब्रिज बसवून घ्यावा का?

नाही, पक्का ब्रिज (दोन्ही शेजारच्या दातांवर कॅप, म्हणजे टोपी, बसवून त्यांच्या आधाराने मधे लावलेला खोटा दात) लगेच नको. साधारण दोन ते तीन महिने थांबा. दाढ काढल्यावर तिथलं हाड आणि हिरडी याच काळात सर्वांत जास्त आक्रसते. त्याआधी माप घेतलं, तर पुढे हिरडी खाली बसते, खोट्या दाताखाली फट पडते आणि तिथे अन्न अडकत राहतं. तोवर शेजारचे दात सरकू नयेत म्हणून काढता-घालता येणारा तात्पुरता दात लावून घेता येतो.

ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी सुमारे एक ते दीड मिलिमीटर आणि चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर घासावे लागतात. घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, परत येत नाही. म्हणून घासण्याआधी त्या दोन्ही दातांचा एक्स-रे हवाच: मुळाशी पू, कीड किंवा हाडाची झीज असेल तर आधी तिचा बंदोबस्त. शेजारचे दोन्ही दात अगदी धडधाकट असतील, तर आधी इम्प्लांटबद्दल (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताबद्दल) विचारा. आणि शेवटची दाढ गेली असेल, मागे आधाराला दात नसेल, तर नेहमीचा ब्रिज बसतच नाही.

बसवल्यावर रोज रात्री सुपरफ्लॉस (ओवता येईल असा कडक टोकाचा दात साफ करायचा दोरा) किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा ब्रश) खोट्या दाताखालून फिरवा. ब्रिज बहुधा वाया जातो तो कॅपच्या कडेला लागलेल्या किडीने, आणि रूट कॅनाल झालेल्या दातात ती दुखतही नाही. ब्रिज किंचित हलला किंवा तिथून वास आला, तर त्याच आठवड्यात दाखवा.