जुन्या नाशकातला वाडा तसाच ठेवून मागच्या जागेत अर्धं जमिनीखाली घर बांधता येईल का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: जुन्या नाशकात ४० × ११० फुटांची जागा, पुढच्या ४५ फुटांत शंभरएक वर्षांचा वाडा उभा, मागचा भाग पडलेला. नवं घर वाड्याच्या माथ्यावर चढू नये म्हणून एक पूर्ण मजला जमिनीखाली घालायचा विचार आहे.

बांधता येईल. पण पूर्ण मजला खाली घालू नका, दीड मीटरच उतरा. माझं सगळं उत्तर या एका आकड्याभोवती आहे.

मातीचा भिंतीवरचा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो. दीड मीटरऐवजी तीन मीटर गेलात, की जोर चौपट होतो आणि भिंत वाकवणारा मोमेंट आठपट. मागची माती पाण्याने भरली तर जोर आणखी साधारण दुप्पट. उलट दीड मीटर उतरून आत २.९ मीटर उंची ठेवली, तर स्लॅब धरून घर जमिनीवर जेमतेम पाच फूट दिसतं. वाड्याच्या माडीच्या खिडकीतून बघणाऱ्याला समोर फक्त छपरावरची बाग दिसेल. तुम्हाला हवं ते एवढ्यातच मिळतं.

दुसरं कारण नियमाचं. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तळघर हे साठवण, पार्किंग, यंत्रसामग्री अशा कामांसाठी धरलं आहे, राहण्याच्या खोल्यांसाठी नाही. अर्धवट खाली असलेला मजलाही तळघरात मोजला जाऊ शकतो. म्हणून नकाशा काढण्याआधी जमिनीच्या पातळ्यांचा सर्व्हे करून, उजेडासाठी ठेवायचा चौक आणि खिडक्या दाखवणारा एक छेद (उभ्या कापाचा नकाशा) आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या नगररचना विभागात न्या आणि तो मजला कशात धरणार याचं उत्तर लेखी घ्या. वाडा वारसा यादीत आहे का, हेही तिथेच विचारा. सरकारवाडा किंवा सुंदरनारायण मंदिरासारखी राज्य संरक्षित वास्तू जवळ असेल, तर पुरातत्त्व विभागाकडे आधी जा.

त्याहीआधी गोदावरीच्या पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं की नाशिककर सराफ बाजार आणि भांडी बाजाराकडे का बघू लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर गावाच्या आठवणीत आहेत. जागा लाल रेषेच्या आत असेल तर नियमात बसो वा न बसो, जमिनीखाली काही बांधू नका. तिथे घर जोत्यावर उचला.

जागा रेषेबाहेर असेल तर माती बघायची. जुन्या नाशकात वरून मुरूम समजून खणायला जाल आणि लागेल पांढरी, म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीचा राख-विटा-खापरांचा भराव. जुन्या गढीच्या टेकाडावर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा असेच वस्तीचे थरावर थर निघाले. त्याच गढीची माती पावसाळ्यात ढासळते ती उगाच नाही. कोरडी असताना ही माती उभी कापली तरी टिकते, आणि भिजली की एकदम बसते. त्यामुळे तीन परीक्षण खड्डे घ्या: एक वाड्याच्या मागच्या भिंतीला लागून पाया दिसेपर्यंत, एक मध्ये, एक शेजाऱ्याच्या बाजूला. शिवाय सहा मीटर खोलीची दोन बोअर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच बोअरमध्ये पाण्याची पातळी मोजा. मे महिन्यात कोरडा दिसलेला खड्डा पाहून केलेलं डिझाइन पावसाळ्यात उघडं पडतं. जुना आड असेल तर तो बुजवू नका. पातळी मोजायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. पेव किंवा बळद (धान्य साठवायची जुनी जागा) लागलं तर आधी मोजमाप घ्या, मग पुढचं काम. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आता वाड्यापासून किती लांब खणायचं. वाड्याचा पाया बहुधा अनघड दगडांचा, मातीत किंवा चुन्यात रचलेला असतो. वरची भिंत दोन-तीन फूट जाड, दोन्ही तोंडं दगडविटांची आणि मधे पांढऱ्या मातीचा भर. अशा भिंतीखालून माती थोडीही सरकली तर भिंतीचं पोट सुटतं. हिशेब असा करा: पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली रेघ ओढा, तुमचा खड्डा त्या रेघेच्या आत जाता कामा नये. हे कठीण मुरमासाठी. भरावात किंवा पांढरीत अंतर दुप्पट धरा. पाया १.२ मीटर खोल आहे असं समजू. फरशी दीड मीटरवर, त्याखाली ३०० मिमी राफ्ट (घराखालचा सलग काँक्रीटचा पाया), बॉक्स वॉटरप्रूफिंग आणि पीसीसी (सळईविना काँक्रीटचा थर) मिळून खड्डा २.१ मीटर. फरक ०.९ मीटर, म्हणजे मुरमात ०.९ आणि पांढरीत १.८ मीटर अंतर. फरशी तीन मीटरवर नेली असती तर खड्डा ३.६ मीटर आणि पांढरीत अंतर ४.८ मीटर झालं असतं. हेच गणित दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भिंतींनाही लावा. चाळीस फुटांच्या रुंदीत सहा मीटर रुंद घर आणि कामासाठी दोन्हीकडे ०.८ मीटर मोकळीक धरली, तर प्रत्येक बाजूला २.३ मीटर माती शिल्लक राहते. शेजाऱ्यांचा पाया उथळ असेल तर तेवढीही कमी पडते, म्हणून त्यांच्या संमतीने तिथेही छोटा खड्डा घेऊन पाया बघा.

कुणी ठेकेदार "वाड्याला खालून आधार देऊन अगदी भिंतीला लागून खणू" म्हणाला तर नाही म्हणा. अंडरपिनिंग एकसंध पायाला चालतं: एक-एक मीटरचे तुकडे, लगतचे दोन कधीही एकदम नाहीत. मातीत रचलेल्या दगडांखाली तुकडा उघडला की दगड एकेक करून निखळतात आणि ते थांबवता येत नाही.

खणताना पाषाण लागला तर सुरुंग नाही आणि शक्यतो ब्रेकरही नाही. ३२-३८ मिमीची भोकं ३०-४० सेंटिमीटरवर पाडून फुगणारी रासायनिक पूड भरली, की दिवसभरात दगड आवाज न करता तडकतो. ब्रेकर वापरावाच लागला तर वाड्याच्या पायाशी कंपनमापक लावा आणि ३ मिमी प्रति सेकंदाच्या वर गेलं की काम थांबवा. जर्मन मानकात नाजूक जुन्या इमारतींसाठी कमी वारंवारतेला हीच मर्यादा आहे. वाड्यात आधीच असलेल्या प्रत्येक भेगेवर तारीख घालून काचपट्टी चिकटवा. काच तडकली म्हणजे भेग चालू आहे.

चौक सोडून घराचा खड्डा बाहेरची मोकळीक धरून ७.६ × ११.६ मीटर, २.१ मीटर खोल, म्हणजे सुमारे १८५ घनमीटर, ६५ ब्रास. सुटी झालेली माती फुगून ८५ ब्रासच्या आसपास भरते. गल्लीतून ट्रॅक्टर ट्रॉलीच जात असेल तर तेवढ्या खेपा मोजा. माती बाहेर न्यायला तहसील कार्यालयाची गौण खनिजाची परवानगी लागते. खणायला दिवाळीनंतर लागा. मे संपण्याआधी राफ्ट, भिंती आणि छत तिन्ही झाले पाहिजेत, आणि ते का ते पुढच्या हिशेबात आहे.

घर तरंगतं. ही अतिशयोक्ती नाही. राफ्टचा तळ जमिनीखाली १.८ मीटर आहे. आजूबाजूची माती पाण्याने पूर्ण भरली तर प्रत्येक चौरस मीटरला १.८ टन उचल बसते. ६ × १० मीटरच्या घरात राफ्टचं वजन ०.७५ टन प्रति चौरस मीटर आणि २३० मिमी आरसीसी भिंतींचं वाटून आलेलं सुमारे ०.९ टन, एकूण १.६५. म्हणजे छत नसलेला सांगाडा जूनच्या मोठ्या पावसात एका बाजूने उचलला जाऊ शकतो. १५० मिमी स्लॅब आला की एकूण दोन टन होतात, तेही खिडक्या वजा न करता. जेमतेमच. म्हणून छतावर ३०० मिमी मातीची बाग घ्या, ओली असताना ती अर्धा टन देते. राफ्ट भिंतीबाहेर ४५० मिमी काढा, म्हणजे त्यावरची मातीही घर दाबून धरेल. स्लॅबचं डिझाइन मात्र त्या बागेसकट हवं. आणि काम अर्धवट असताना पाऊस आलाच, तर खड्ड्यातलं पाणी उपसू नका. आतही भरू द्या.

वॉटरप्रूफिंगमध्ये आपल्याकडची शहाबादी फरशीची बॉक्स पद्धत मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती काँक्रीटला बाहेरून वेढते. १०० मिमी पीसीसीवर मसाला, त्यावर रफ शहाबादी, सांधे भरून ग्राउटिंग, वर पुन्हा मसाला, मग राफ्ट. भिंती झाल्यावर बाहेरून उभी शहाबादी २५-३० मिमी अंतर ठेवून लावायची आणि त्या पोकळीत थराथराने सिमेंटची स्लरी ओतायची. गळती जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होते: खालची फरशी राफ्टच्या कडेशीच थांबवलेली असते आणि उभी फरशी तिला मिळत नाही. म्हणून खालची फरशी राफ्टच्या कडेबाहेर किमान ३०० मिमी काढून ठेवा. राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यात २३० मिमी पीव्हीसी वॉटर स्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) घाला आणि काँक्रीट ओतताना तो आडवा पडत नाही ना, हे स्वतः उभं राहून बघा. काँक्रीट एम ३० प्रतीचं, सळईवरचं मातीकडचं कव्हर ५० मिमी. पाइप जिथे भिंत भेदतात तिथे पडल फ्लेंज (पाइपभोवतीची पाणी अडवणारी कडी) काँक्रीट ओतण्याआधीच बसवायची. नंतर भोक पाडलं की तिथून पाणी आलंच.

उजेडासाठी वाडा आणि घर यांच्या मधे खालच्या पातळीवरचा चौक ठेवा, जितका खोल त्याहून रुंद, निदान चार मीटर. वाड्याकडची त्याची भिंतही वर दिलेल्या रेघेबाहेरच हवी. ४ × ४ मीटर चौकात तासाला १०० मिमी पाऊस पडला तर १,६०० लिटर पाणी जमतं. वीज दोन तास गेली तर ३,२०० लिटर. म्हणून ४,००० लिटरचा संप (जमिनीतली टाकी), दोन पंप, त्यातला एक इन्व्हर्टरवर. वाड्याच्या पागोळ्या या चौकात पडू देऊ नका, हिशेब कोलमडतो. चौकाचा उंबरठा १५० मिमी. खालच्या संडासाची लाइन थेट गटाराला जोडू नका. मैला उपसणारा पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर गटार तुंबल्यावर ते घरात उलटेल.

वाड्याला नवं घर चिकटवू नका. मागच्या ओसरीवरून काचेचा जिना उतरवा. जोतं ०.६ मीटर असेल तर तेरा पायऱ्या. त्याचा सगळा भार नव्या बाजूला, वाड्याच्या भिंतीपासून ७५ मिमी फट, आणि फटीवरचा तांब्याचा पत्रा फक्त चुन्याच्या सांध्यात २५ मिमी खोचलेला. दगडात खिळा नाही. वाड्याच्या जोत्याभोवती कोबा किंवा पेव्हर ब्लॉक टाकू नका, दोन फुटांचा खडीचा पट्टा सोडा. कोबा टाकला की जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि लोणा लागतो. मग त्यावर सिमेंटचं प्लॅस्टर केलं की लोणा आणखी वर सरकतो आणि तुळईच्या टोकापर्यंत पोचतो. डागडुजी मुरवलेल्या चुन्यात सुरकी (विटांची भुकटी) आणि जाड वाळू घालूनच करा, आणि ती खोदकामाआधी नाही, नवं घर बांधून एक पावसाळा गेल्यावर. तोपर्यंत काचपट्ट्या तशाच राहू द्या.