इंदूरला लाल जंगली पॉपी बियांपासून येते का?

तुम्ही लिहिलंय की पाकिटातलं पॉपीचं बी ट्रेमध्ये पेरलं, वर माती टाकली, चार-दोन रोपं आली तीही वाफ्यात लावल्यावर मेली, मग इंदूरला ही होतच नाही का? होते हो, छान होते, मी दर हिवाळ्यात लावते. फक्त ट्रेचा नाद सोडा. हिचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते जरा दुखावलं की रोप गेलंच समजा, म्हणून जिथे फुलं हवीत तिथेच पेरायचं. आणि वर माती अजिबात टाकायची नाही, या बियांना उगवायला उजेड लागतो. खोल गाडलं गेलेलं बी वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं अन् माती उकरली की उगवतं, पहिल्या महायुद्धात बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या उकरलेल्या रणभूमीवर ही फुलं अशीच आली होती.

दिवाळी झाली, रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात रेती भरपूर मिसळा, शेणखताची गरज नाही, जास्त खत दिलं की नुसता पालाच वाढतो. बी इतकं बारीक की चिमटीत शेकड्यांनी येतं, म्हणून मूठभर कोरड्या रेतीत कालवून भुरभुरायचं, हाताने हलकं दाबायचं आणि स्प्रेनेच पाणी द्यायचं, झारीने सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. रोपं बोटभर झाली की वीतभर अंतर ठेवून बाकीची काढून टाका, जीवावर येतं पण दाटी राहिली तर सगळीच किडकिडीत राहतात. कळ्या आधी मान खाली घालून असतात, उमलायच्या वेळी ताठ होतात. एक फूल जेमतेम एक-दोन दिवस टिकतं, पण मागून नवीन येतच राहतात.

एक महत्त्वाचं, पॉपी म्हणून किराण्यातली खसखस पेरू नका. ती अफूची, आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार लायसन्सशिवाय अफू लावणं गुन्हा आहे, मग शोभेसाठी का असेना. मंदसौर-नीमचचे शेतकरीसुद्धा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा पट्टा, म्हणजे लायसन्स, घेऊनच लावतात. आपल्याकडे लोकांनी अफूची शेतं पाहिलेली असतात, तेव्हा ही अफू तर नाही ना, असं शेजारी विचारणारच. त्यांना देठ दाखवा, जंगली पॉपीच्या देठावर राठ केस असतात, अफूचा देठ गुळगुळीत आणि पानं निळसर-हिरवी असतात.