अर्धा तास बसवून ठेवणारी सिस्टर

मागच्या वेळी इंजेक्शन खोलीबद्दल लिहिताना ॲलर्जीच्या ओपीडीत नर्स म्हणून काढलेल्या माझ्या 17 वर्षांचा ओझरता उल्लेख केला होता. पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवर. म्हणून आज तोच विषय: पत्रांतले प्रश्न आणि माझी उत्तरं.

बारावी सायन्सला आहे. ॲलर्जीच्या दवाखान्यात नर्स व्हायचं तर कोणता कोर्स करावा? आई म्हणते, नुसत्या सुया टोचायला चार वर्षं कशाला? (विद्यार्थिनी, कराड)

आईला सांग, सुई टोचायला मी चार दिवसांत शिकवेन. टोचल्यावर काय बघायचं आणि टोचायच्या आधी काय विचारायचं, त्याला वर्षं लागतात.

'ॲलर्जी नर्स' असा वेगळा कोर्स आपल्याकडे नाही. आधी नर्स व्हायचं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं. ते करून नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. कोणताही रस्ता धरलास तरी पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवीच. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, क्लिनिकल पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला असते ते विचार. आणि पास झाल्या झाल्या ॲलर्जीकडे येऊ नकोस. दोन-तीन वर्षं कॅज्युअल्टी किंवा मुलांच्या वॉर्डात काढ. धाप लागलेलं मूल लांबून ओळखता यायला लागलं की मग ये.

मी नऊ वर्षं वॉर्डात आहे, नाइटला आता अंग साथ देत नाही. ॲलर्जी ओपीडीत दिवसभर काम तरी काय असतं? कंटाळा येत नाही? (स्टाफ नर्स, सोलापूर)

कंटाळ्याचं शेवटी सांगते. आधी कामाचं.

सकाळी आल्यावर पहिलं काम फ्रीजचं. ॲलर्जनच्या, म्हणजे ज्यांची ॲलर्जी असते त्या पदार्थांच्या अर्काच्या, बाटल्या 2 ते 8 अंशांत राहिल्या पाहिजेत, म्हणून तापमान वहीत लिहायचं. रात्री लाइट गेली असेल तर आधी त्याची चौकशी, मग चहा. गोठलेली बाटली वापरायची नाही, कितीही महाग असली तरी. तो फ्रीज फक्त औषधांचा. त्यात डबा ठेवणाऱ्याला मी सोडत नाही, मग तो डॉक्टरांचा का असेना.

मग स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्यापासून दोन-तीन बोटं सोडून, पेनने खुणा करायच्या. दोन खुणांमध्ये किमान 2 सेंटिमीटर अंतर हवं. एकेक थेंब ठेवायचा: घरातल्या धुळीतला माइट (डोळ्यांना न दिसणारा किडा), झुरळ, बुरशी, परागकण, जे डॉक्टरांनी लिहिलं असेल ते. शिवाय दोन थेंब कायमचे, एक सलाईनचा, त्यावर गांध उठू नये, आणि एक हिस्टामिनचा, त्यावर उठलीच पाहिजे. प्रत्येक थेंबातून नवी लॅन्सेट (बारीक टोचणी), हलकी टोच, रक्त येता कामा नये. 15 ते 20 मिनिटांनी वाचन. सलाईनपेक्षा 3 मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध उठली तर पॉझिटिव्ह. कडेने पेन फिरवायचा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची आणि उमटलेली आकृती उचलून केसपेपरवर चिकटवायची. पाच वर्षांनी पेपर काढला तरी ती गांध तिथे असते.

पण पॉझिटिव्ह आलं म्हणजे ॲलर्जी ठरलीच असं नाही. त्रासाची कहाणी त्याच्याशी जुळली पाहिजे. ते ठरवतात डॉक्टर, कहाणी मात्र बहुतेक वेळा आपल्याला आधी ऐकायला मिळते.

आता माझी एक फजिती. बारामतीहून पहाटेची एसटी पकडून एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. वीस मिनिटं झाली, हात कोरा. माइट नाही, झुरळ नाही आणि हिस्टामिनसुद्धा नाही! हिस्टामिनची गांध उठली नाही म्हणजे टेस्ट बाद. मी विचारलं, "ॲलर्जीची गोळी दिली होती का?" आजी म्हणाल्या, "देवाशपथ नाही. फक्त रात्री खोकल्याचं पातळ औषध दिलं, त्यानं झोपतो चांगला." झोपतो चांगला, कारण त्यात अँटीहिस्टामिन होतं, म्हणजे ॲलर्जीच्या गोळीतलंच औषध. चूक आजींची नव्हती. 'ॲलर्जीची गोळी बंद ठेवा' एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून माझा प्रश्न असा असतो: गेल्या आठ दिवसांत तोंडात, नाकात, डोळ्यांत काय घातलं, अंगाला काय लावलं, आणि पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढा. सिट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद लागतात, पण डॉक्टरांना विचारूनच. दम्याचा पंप बंद करायचा नसतो. हे दर वेळी मोठ्यानं सांगते, कारण सगळं बंद करून धापा टाकत आलेले लोक मी पाहिलेत.

भाषेचं भानही ठेवावं लागतं. आपल्याकडे 'पित्त' म्हणजे आंबट ढेकरही आणि अंगावर उठलेल्या गांधीही. पेशंट म्हणतो, "पित्ताचा त्रास आहे, गोळी चालू आहे." गोळी निघते ॲसिडिटीची, त्रास असतो गांधींचा, आणि वरून आमसुलाचं पाणी लावलेलं. आमसुलाला मी नावं ठेवत नाही, थंड वाटतं बिचाऱ्यांना. मी फक्त विचारते, ओठ किंवा जीभ सुजली होती का?

दुपारी इम्युनोथेरपीची इंजेक्शनं. ज्याची ॲलर्जी, तेच अगदी थोडं टोचायचं, हळूहळू वाढवत न्यायचं आणि पुढे एका मात्रेवर तीन ते पाच वर्षं चालू ठेवायचं. पद्धत जुनी आहे. लेनर्ड नून यांनी लंडनमध्ये गवताच्या परागांवर केलेलं काम 1911 साली छापलं. आजही धोका तोच: चुकीची बाटली, चुकीची मात्रा. म्हणून नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, बाटलीचा रंग नि ताकद, मागची तारीख, मागची मात्रा, सगळं दोनदा बघायचं. मधे खाडा झाला असेल तर आपण होऊन पुढची मात्रा द्यायची नाही, डॉक्टरांना विचारून कमी करायची. ताप आहे का, मागच्या वेळी हात किती सुजला, नवीन गोळी सुरू झाली का, विशेषतः ब्लडप्रेशरची? काही बीपीच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला रिॲक्शन आली तर ॲड्रेनालिन, म्हणजे जीव वाचवणारं इंजेक्शन, नीट लागू पडत नाही. दमेकरी असेल तर आधी पीक फ्लो, म्हणजे श्वासाचा जोर मोजायची नळी, फुंकायला लावायचा. छाती घरघरत असेल तर आज इंजेक्शन नाही. कितीही लांबून आलेला असो.

आणि टोचल्यावर अर्धा तास बसायचं. दवाखान्यातच, माझ्या नजरेसमोर.

एका प्राध्यापकांचा चौथा महिना चालू होता, कधी काही झालेलं नव्हतं. शेवटची गाडी चुकेल म्हणून वीस मिनिटांनी उठले. मी बसवलं, ते चिडले. बाविसाव्या मिनिटाला तळहात खाजवायला लागले, दोन शिंका आल्या, म्हणाले, "सिस्टर, कसंतरी होतंय." त्या 'कसंतरी'ची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही. गाडी गेलीच. रात्रभर निरीक्षणाखाली राहिले आणि सकाळी माझ्याकडे न बघता "बरं झालं" म्हणाले.

तर, कंटाळा. येतो. 'अर्धा तास बसा' हे वाक्य दिवसातून तीस वेळा बोलून येतो. पण नाइट नसते, रविवार आपला असतो आणि तेच पेशंट तीन-चार वर्षं भेटत राहतात. वॉर्डात हे सुख नाही.

ॲनाफायलॅक्सिसची (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या रिॲक्शनची) भीती वाटते. आमच्याकडे रिॲक्शन आली की आधी एविल आणि एफकॉर्लिन देतात, ॲड्रेनालिन 'अगदीच वेळ आली तर'. बरोबर आहे का? (जी.एन.एम., नांदेड)

नाही. हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलंत.

एविल हे अँटीहिस्टामिन, त्यानं खाज जाते, गांधी बसतात. बंद होत चाललेला घसा आणि घसरलेलं बीपी त्यानं सावरत नाही. एफकॉर्लिन हे स्टेरॉइड, त्याला काम करायला तास लागतात. त्या वेळी पहिलं औषध ॲड्रेनालिन. ॲम्प्यूल 1 मिलीची, आत 1 मिलिग्रॅम. मात्रा वजनाच्या किलोमागे 0.01 मिली, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त 0.5. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. शिरेतून नाही, दंडाच्या कातडीखालीही नाही. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. पेशंटला आडवं करून पाय उंच, धाप लागली असेल तर पाय लांब करून बसवायचं, पण उभं करायचं नाही. 'बाथरूमला जाऊन येतो' म्हणाला तरी नाही. एकदम उठवल्यावर बीपी कोसळून माणसं दगावली आहेत. ऑक्सिजन, सलाईन, आणि मदतीला हाक, सगळं त्याच वेळी.

ओळखायचं कसं? कातडी किंवा ओठ-जिभेवर काही, आणि त्याबरोबर श्वास किंवा बीपी, एवढी जोडी अचानक दिसली तर वाट बघू नका. काहींना पुरळ अजिबात उठत नाही, नुसती उलटी, पोटात कळ आणि चेहरा पांढरा. त्यांच्यात आपण फसतो.

तुमच्याकडची पद्धत तुम्ही एकट्या बदलणार नाही, हे मला कळतं. डॉक्टरांकडून एका कागदावर लेखी ऑर्डर घ्या: ही लक्षणं दिसली तर सिस्टरनं ही मात्रा द्यावी, खाली सही-शिक्का. तो कागद इंजेक्शन खोलीच्या भिंतीवर लावा, शेजारी वजनानुसार मात्रेचा तक्ता. महिन्यातून एकदा, मुदत संपलेली ॲम्प्यूल घेऊन, घड्याळ लावून सराव करा. आमच्या पहिल्या सरावात ॲम्प्यूल हातात यायला चार मिनिटं लागली, कारण ट्रे कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली जेवायला गेलेल्या मावशींच्या कमरेला. तेव्हापासून त्या ट्रेला कुलूप नाही.

मी ब्रदर आहे. या लाइनीत पुढे बढती, पगार, परदेश असं काही आहे का, की दवाखान्यातच म्हातारं व्हायचं? (अहिल्यानगर)

खरं सांगते. खासगी ॲलर्जी क्लिनिकमध्ये वर चढायला शिडी नसते. एक डॉक्टर, एक-दोन सिस्टर-ब्रदर, झालं. आयसीयूपेक्षा पगार बहुतेक वेळा कमीच बसतो. तुमची किंमत वाढते ती हाताला आणखी कामं आली की. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून घ्यायची फुफ्फुसांची तपासणी, नीट करवून घेता येणं ही पहिली. पेशंटला 'फुंका, फुंका, अजून, अजून' म्हणत शेवटपर्यंत न्यायला आवाज आणि दम दोन्ही लागतात, आणि त्यात ब्रदर लोक वस्ताद असतात. दुसरी पॅच टेस्ट. गाजर गवतामुळे चेहरा-मान काळवंडलेले शेतकरी तुमच्या भागात कमी नाहीत. ते गवत भारतात पहिल्यांदा ठळक नजरेत आलं ते पुण्यात, 1955 च्या सुमारास. पाठीवर लावलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढून वाचायच्या आणि मग एक-दोन दिवसांनी पुन्हा. तिसरी, पंप वापरायला शिकवणं. पंप दाबून झाल्यावर उशिरा श्वास घेणारे, दाबायच्या आधीच घेऊन संपवणारे, आणि टोपण न काढता ओढणारे, तिन्ही जण रोज येतात. 'औषध लागू पडत नाही' म्हणणाऱ्याला आधी तुमच्यासमोर पंप घ्यायला लावा.

बढती हवी असेल तर रस्ता सरकारी: अधिपरिचारिका, मग परिसेविका, पुढे अधिसेविका. मात्र तिथे ॲलर्जीलाच ठेवतील असं धरून चालू नका. बदली कधी, कुठल्या वॉर्डला, ते आपल्या हातात नसतं. एम्ससाठी नॉरसेट परीक्षा आहे, तिथल्या नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार 44,900 रुपयांपासून सुरू होतो.

परदेशात हे काम वेगळ्या उंचीवर आहे. ब्रिटनमध्ये ॲलर्जीच्या स्पेशालिस्ट नर्स स्वतःची ओपीडी चालवतात, खाद्यपदार्थांच्या चॅलेंज टेस्ट (तोच पदार्थ थोडा थोडा खायला देऊन बघणं) करतात, 'पेनिसिलिनची ॲलर्जी' हा शिक्का खरा की खोटा हे तपासण्यात भाग घेतात. तिथे जायला इंग्रजीची परीक्षा, मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. सुरुवात साध्या वॉर्डातूनच होते. तुम्ही इथे केलेल्या टेस्ट आणि इंजेक्शनं यांची नोंदवही आजपासून ठेवा. मुलाखतीत ती कामाला येते.

मी चिपळूणला एका दवाखान्यात मदतनीस आहे, शिक्षण बारावी. डॉक्टर मलाच टेस्ट आणि इंजेक्शनं करायला लावतात. हात चांगला बसलाय. चालतं ना?

चालत नाही, ताई. हात बसला हे खरं असेल, पण काही झालं तर पहिलं बोट तुमच्याकडे जाईल आणि तुमच्या बाजूनं दाखवायला नोंदणीचा कागद नसेल. बारावीनंतर ए.एन.एम. दोन वर्षांचं आहे, जी.एन.एम. तीन. वय हातात असेल तर करा. तोवर नाव-बाटली जुळवणं, वेळ लिहिणं, अर्धा तास नजर ठेवणं हे तुम्ही करू शकता, टोचणं नाही.

स्वतः नर्स आहे आणि ग्लोव्हज घातले की हातांना पुरळ, हल्ली शिंकाही. ॲलर्जी ओपीडीत बदली मागू का? (ठाणे)

बदली मागण्याआधी तपासणी मागा. नुसते हात कोरडे पडून भेगा जात असतील तर ते बरेचदा सततच्या धुण्यानं असतं. पण ग्लोव्हज घातल्या घातल्या खाज, गांधी आणि शिंका ही लॅटेक्सच्या, म्हणजे ग्लोव्हजमधल्या रबराच्या, ॲलर्जीची लक्षणं असू शकतात. पावडरवाल्या ग्लोव्हजमधून लॅटेक्स हवेत उडतं, म्हणून शेजारणीनं काढले तरी तुम्हाला शिंक येते. अमेरिकेनं 2017 मध्ये पावडरवाले वैद्यकीय ग्लोव्हज बंदच केले. आपल्या स्टोअरमध्ये नायट्राइलचे मागा, नुसते तुमच्यासाठी नाही, त्या खोलीतल्या सगळ्यांसाठी. केळं किंवा किवी खाल्ल्यावर तोंडाला खाज येते का, तेही डॉक्टरांना सांगा, लॅटेक्सवाल्यांत ते आढळतं. आणि तुमचं स्वतःचं ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल तेव्हा केसपेपरवर लाल पेनानं लिहून घ्या. आपल्याच हॉस्पिटलात आहे, सगळ्यांना माहीतच आहे, असं समजू नका.