विमानात जीपीएस असताना व्हीओआर, डीएमई, आयएलएस ही जुनी रेडिओ यंत्रणा अजून का ठेवली आहे?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारले आहेत. फोनमधलं जीपीएस दाराशी नेऊन सोडतं, तर विमानतळांवर इतका खर्च करून जुने रेडिओ का चालू ठेवतात? हवेत जीपीएस गेलं तर पायलट नेमकं काय करतो? आणि गगन किंवा नाविक या आपल्या देशाच्या उपग्रह यंत्रणा वापरल्या तर ही अडचण संपेल का?

अचूकतेबद्दल वाद नाहीच. जीपीएस काही मीटरच्या आत जागा सांगतं. व्हीओआर म्हणजे दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन. ५० नॉटिकल मैलांवरच्या व्हीओआरच्या दिशेत एका अंशाची चूक झाली, तर विमान जवळपास एक मैल बाजूला असू शकतं. अडचण आहे ती सिग्नलच्या ताकदीची. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल अँटेनापर्यंत येईतो इतका क्षीण होतो, की एका वॅटचे एकावर सोळा शून्यं एवढे भाग केले तर त्यातला जेमतेम एक हाती लागतो. भर मिरवणुकीत डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची, तशी ही गत आहे. त्याच फ्रिक्वेन्सीवर जमिनीवरून थोड्या वॅटचा गोंगाट केला की मोठ्या परिसरातले सगळे रिसीव्हर एकदम आंधळे होतात. याला जॅमिंग म्हणतात.

स्पूफिंग त्याहून वाईट. त्यात खऱ्यासारखाच दिसणारा खोटा सिग्नल पाठवतात, म्हणजे रिसीव्हर बंद पडत नाही, चुकीची जागा ठामपणे सांगत राहतो. रिसीव्हरमध्ये स्वतःची तपासणी करणारी रेम नावाची सोय असते. जागा काढायला चार उपग्रह लागतात. पाचवा असेल तर कुणीतरी एक चुकतोय हे कळतं, सहावा असेल तर कोण चुकतोय हे ओळखून त्याला वगळता येतं. ही तपासणी बिघडलेला एखादा उपग्रह पकडण्यासाठी केलेली आहे. सगळेच सिग्नल एकमेकांशी जुळणारं खोटं बोलत असतील, तर रेमला त्यात वावगं काहीच दिसत नाही.

हे आता आपल्या दारात आलेलं आहे. २०२५ च्या शेवटी सरकारने संसदेत सांगितलं, की दिल्लीला रनवे १० वर उपग्रहाधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांनी स्पूफिंग कळवलं आणि त्यांच्यासाठी पर्यायी कार्यपद्धती वापरावी लागली. पण ज्या रनवेंना पारंपरिक यंत्रणा होती तिथली वाहतूक अडली नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. जमिनीवरची यंत्रणाही बिघडते, पण तिची बिघडण्याची कारणं वेगळी असतात. दोन साधनं एकाच कारणाने एकाच वेळी जाऊ नयेत, यासाठी हा सगळा खर्च आहे आणि माझ्या मते तो पूर्ण रास्त आहे.

आता एकेक साधन.

व्हीओआर १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. स्टेशन ३० हर्ट्झचे दोन सिग्नल पाठवतं: एक सगळ्या दिशांना सारखा, दुसरा दिशेनुसार बदलणारा. दोघांच्या फेजमधला फरक अंशांत मोजला की तुम्ही स्टेशनपासून कोणत्या रेडियलवर, म्हणजे तिथून निघणाऱ्या दिशेच्या कोणत्या रेषेवर, आहात ते कळतं. विमानातली सुई काठाला टेकली म्हणजे ठरवलेल्या रेडियलपासून १० अंश किंवा त्याहून जास्त बाजूला गेलात. व्हीएचएफ लहरी सरळ जातात, त्यामुळे डोंगराआड किंवा फार खाली असताना काही मिळत नाही. फ्रिक्वेन्सी लावल्यावर मोर्समधली ओळख ऐकायचीच. मुंबईचं व्हीओआर तीनदा बी वाजवतं, म्हणजे प्रत्येक वेळी एक लांब आणि तीन आखूड. स्टेशनवर दुरुस्ती चालू असेल तर ही ओळख काढून टाकतात. सुई मात्र तेव्हाही छान हलत असू शकते, म्हणून कानाने खात्री केल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

डीएमई स्टेशनपर्यंतचं अंतर मोजतं, आणि मला ते यातलं सगळ्यात हुशार साधन वाटतं. इथे विचारणारं विमान असतं. ते पल्सची जोडी पाठवतं. स्टेशन ती मिळाल्यावर बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबतं आणि ६३ मेगाहर्ट्झ वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देतं. गेलेल्या वेळातून ते ५० वजा केले की दर १२.३६ मायक्रोसेकंदांना एक नॉटिकल मैल. एकाच वेळी अनेक विमानं विचारत असतात, मग आपलं उत्तर कोणतं? प्रत्येक विमान आपल्या पल्स मुद्दाम अनियमित अंतराने सोडतं आणि ज्या उत्तरांचा ताल आपल्या तालाशी जुळतो तेवढीच मोजतं. मिळणारं अंतर तिरकं असतं हे मात्र विसरू नका. ३६,००० फुटांवरून स्टेशनच्या अगदी डोक्यावरून गेलात तरी डीएमई सुमारे ६ मैल दाखवेल.

मोठ्या विमानातला फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर हीच अंतरं वापरतो. दोन डीएमई स्टेशनांची अंतरं घेऊन तो स्वतःची जागा काढतो. मात्र विमानाकडून त्या दोन स्टेशनांकडे जाणाऱ्या रेषांमधला कोन ३० ते १५० अंशांच्या आत हवा. कोन फार निमुळता झाला तर दोन वर्तुळं एकमेकांना नीट छेदत नाहीत आणि चूक वाढते. समुद्रावर स्टेशनंच नाहीत, त्यामुळे अरबी समुद्र ओलांडताना हा आधार किनाऱ्याच्या आसपासच संपतो.

एनडीबीबद्दल फार लिहीत नाही. मध्यम लहरींचं साधं बीकन आहे. सूर्यास्तानंतर त्याची सुई भरकटते, किनाऱ्याजवळ लहरी वाकतात, आणि वादळात ती सुई स्टेशनऐवजी विजेकडे वळते.

आयएलएस मात्र नीट समजून घ्या, कारण ढगातून रनवेपर्यंत नेणारं मुख्य साधन अजून तेच आहे. रनवेच्या पलीकडच्या टोकाला डावं-उजवं दाखवणाऱ्या लोकलायझरचा अँटेना असतो, तर रनवेच्या कडेला, उंबरठ्यापासून (रनवे जिथे सुरू होतो तिथून) साधारण ३०० मीटर आत, उतरण दाखवणाऱ्या ग्लाइड पाथचा. दोन्ही ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर पाठवतात. उतरताना डावीकडे सरकलात तर ९० जास्त, उजवीकडे गेलात तर १५०. तसंच उतरणीच्या वर ९०, खाली १५०. दोन्ही सारखे असतील तेव्हा सुई मध्यावर. आयएलएसच्या कॅट १ या श्रेणीत २०० फुटांपर्यंत खाली येऊन निर्णय घेता येतो, कॅट २ मध्ये १०० फुटांपर्यंत.

याच रचनेत दोन सापळे आहेत. पहिला: सुई मध्यावर असणं म्हणजे फक्त दोन सूर सारखे असणं. २९ जुलै २००० रोजी सामोआतल्या आपियाजवळ एअर न्यूझीलंडच्या बोइंग ७६७ ला नेमकं हेच भोवलं. ग्लाइड पाथचा ट्रान्समीटर सदोष अवस्थेत चालू राहिला होता, कुठूनही पाहिलं तरी दोन सूर सारखेच मिळत होते. सुई मध्यावर, धोक्याचं निशाण नाही, आणि रनवे पाच मैलांहून दूर असताना विमान ४०० फुटांच्याही खाली आलं. अंतर आणि उंचीचा मेळ बसत नाही हे लक्षात आल्यावर वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं आणि सगळे वाचले.

म्हणून ग्लाइड पाथ पकडल्यावर एक हिशेब करायचाच. ३ अंशांच्या उतरणीवर दर नॉटिकल मैलाला ३१८ फूट, अधिक उंबरठ्यावरचे ५० फूट, अधिक विमानतळाची उंची. पुण्याची उंची १,९४२ फूट आहे. उंबरठ्यापासून ४ मैलांवर तिथे अल्टिमीटरने (उंचीमापकाने) सुमारे ३,२६० फूट दाखवायला हवेत. त्याहून दोन-तीनशे फुटांचा फरक असेल तर सुई काहीही म्हणो, थांबून विचार करायचा. डीएमई उंबरठ्यावरच बसवलेलं असेल असं नाही, म्हणून चार्टवरचा अंतर-उंचीचा तक्ता वापरणं उत्तम. उतरण्याचा वेग तपासायला जमिनीवरच्या वेगाला ५ ने गुणा: १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट.

दुसरा सापळा परावर्तनाचा. लोकलायझरसमोर मोठं विमान आलं की किरण वाकतो. ३ नोव्हेंबर २०११ ला म्युनिकमध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं ७७७ ऑटोपायलटवर उतरत असताना पुढचं विमान उड्डाण करून लोकलायझरच्या अँटेनावरून गेलं, सिग्नल बिघडला, आणि ७७७ रनवे सोडून गवतात शिरलं. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. धुक्यात टॉवर अँटेनासमोरची जागा रिकामी ठेवतो आणि दोन विमानांतलं अंतर वाढवतो ते याचसाठी. चांगल्या हवेत ती खबरदारी नसते, तेव्हा सरावासाठी ऑटोलँड करताना हात कंट्रोलवर हवेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं काम उड्डाणाआधीच सुरू होतं. वाटेत कुठे जॅमिंग-स्पूफिंगचे नोटॅम (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना) आहेत, उतरायच्या ठिकाणी आयएलएस आणि व्हीओआर चालू आहेत का, हे पाहून ठेवायचं. त्या भागात शिरण्यापूर्वी, विमानाचं मॅन्युअल परवानगी देत असेल तर, फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरला जीपीएस घेणं बंद करायला सांगायचं. घड्याळ जीपीएसवरून काढून अंतर्गत वेळेवर ठेवायचं. जवळचं व्हीओआर-डीएमई लावून त्याची थेट सुई समोर ठेवायची.

खोट्या सिग्नलची लक्षणं पाठ असावीत: घड्याळ एकदम काही तास मागे-पुढे होतं, वाऱ्याचे आकडे अशक्य दिसतात, नकाशावर विमान उडी मारतं, जीपीएसची उंची अल्टिमीटरशी जुळत नाही. एअरबसमध्ये जॅमिंगला बहुधा ‘जीपीएस प्रायमरी लॉस्ट’ हा संदेश येतो. स्पूफिंगला कुठलाही संदेश न येण्याची शक्यता जास्त.

मग दिशादर्शन जायरोंवर आधारलेल्या इनर्शियल यंत्रणेवर आणि डीएमईवर चालतं. इनर्शियलला बाहेरचा कुठलाच सिग्नल लागत नाही, पण ती तासाला साधारण एक-दोन मैल घसरते. मोठी फसगत इथे होते: अनेक विमानांत इनर्शियल आणि जीपीएस यांचं मिश्रण करून जागा काढतात. खोटं जीपीएस वेळीच तोडलं नाही तर ते मिश्रणही नासतं आणि हवेत दुरुस्त होत नाही. अशा वेळी एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगून रडार व्हेक्टर, म्हणजे रडारवर पाहून दिलेल्या दिशा, मागायचे. रडार विमानाची दिशा आणि अंतर स्वतः मोजतं. एडीएस-बी मात्र विमानाने सांगितलेली जीपीएसची जागाच पुढे पाठवतं, त्यामुळे तिथे एटीसीलाही खोटंच दिसेल.

सगळ्यात नाजूक बाब जमिनीची सूचना देणाऱ्या यंत्राची. त्याचा नकाशाधारित भाग जीपीएसवर चालतो, त्यामुळे ते ३५,००० फुटांवर ‘पुल अप’ ओरडू शकतं. एकदा-दोनदा खोटं ओरडलं की माणसाला दुर्लक्षाची सवय लागते, आणि डोंगराळ भागात खाली उतरताना हीच सवय जीवघेणी आहे. म्हणून उंचावर मॅन्युअलप्रमाणे त्याचा नकाशाधारित भाग बंद करता येतो, पण खाली, ढगात, खात्री नसताना सूचना आली तर आधी विमान वर घ्यायचं, चर्चा नंतर. उतरल्यावर इनर्शियल यंत्रणा पूर्ण नव्याने अलाइन करायची (खरी जागा पुन्हा भरायची) आणि टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, नोंद करायची, नाहीतर पुढच्या क्रूला नासलेली जागा वारशाने मिळते.

तिसरा प्रश्न गगन आणि नाविकचा. गगन जीपीएसला पर्याय नाही, पुरवणी आहे. जमिनीवरची संदर्भ केंद्रं जीपीएसची चूक मोजतात आणि सुधारणा भूस्थिर उपग्रहांवरून विमानांना पाठवली जाते, तीही त्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. म्हणजे जॅमरने जीपीएस बुडवलं की गगनही बुडतं. मग फायदा काय? जिथे आयएलएस परवडत नाही तिथे उभ्या दिशेचं मार्गदर्शन मिळतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला असंच उतरलं. शिवाय ही उतरण भूमितीवर ठरते, हवेच्या दाबावर नाही. दाबावर आधारलेली उतरण तापमानाने बदलते: नागपूरला मे महिन्यात ४५ अंश असताना ३ अंशांची उतरण प्रत्यक्षात सुमारे ३.३ अंश होते, आणि वेग आटोक्यात ठेवताना ते जाणवतं.

गगनची खरी परीक्षा आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, घेतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्यावरचा आयनोस्फिअर युरोप-अमेरिकेपेक्षा फार खवळलेला असतो. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यात पोकळ्या तयार होतात आणि सिग्नल लुकलुकतो. दोन फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या रिसीव्हरने यातली बरीच चूक काढता येते. नाविकच्या ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलचा तिथे उपयोग होऊ शकतो, पण तो डीएमईच्याच पट्ट्यात येत असल्याने त्या पल्सचा गोंगाट सोसावा लागतो. आणि नाविकचा सिग्नलही दुरून येणारा, क्षीणच. जॅमिंगपुढे तो जीपीएसइतकाच हतबल.

म्हणून अमेरिकेने सुमारे ९०० व्हीओआरपैकी तिसरा हिस्सा कमी करायचं ठरवलं तेव्हा अट घातली, की देशाच्या मुख्य भूमीवर कुठेही जीपीएस गेलं तरी १०० नॉटिकल मैलांच्या आत त्याशिवाय उतरता येईल असा विमानतळ हवा. भारतातही असं किमान जाळं राखलं जातं. तुम्ही स्वतः उड्डाण शिकत असाल तर नियोजनात एक गोष्ट आजपासून करा: उतरायच्या ठिकाणी फक्त उपग्रहाधारित पद्धत असेल, तर पर्यायी विमानतळ आयएलएस किंवा व्हीओआर असलेलाच निवडा, आणि तिथवरचं इंधन घेताना जीपीएसशिवाय लांबच्या वाटेने जावं लागेल हे धरून चाला.