पोकेमॉन रेड या गेममध्ये जिम लीडर लेफ्टनंट सर्जला हरवल्यावर टीएम २४ (पोकेमॉनला थंडरबोल्ट ही विजेची चाल शिकवणारी वस्तू) मिळाला. तो पिकाचूला शिकवू की पुढच्यासाठी राखून ठेवू?

राखून ठेवा, पण फार लांब नाही. पुढच्या सेलाडन शहरापर्यंत पुरे.

घाई करू नका म्हणतोय कारण जुन्या रेड-ब्लूमध्ये हा टीएम एकदाच मिळतो आणि वापरला की संपला. टीएम कितीही वेळा वापरायची सोय थेट ब्लॅक-व्हाइटपासून, म्हणजे २०१० पासून आली. (तुम्ही फायररेड, म्हणजे रेडची नंतरची नवी आवृत्ती, खेळत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे सर्ज शॉक वेव्ह ही दुसरी चाल देतो, थंडरबोल्ट सेलाडनच्या गेम कॉर्नरमध्ये कॉइन देऊन घ्यावा लागतो.)

पिकाचूचा मोह मला कळतो. रेडमध्ये तो लेव्हल वाढवून थंडरबोल्ट शिकतच नाही, थेट ४३ व्या लेव्हलला थंडर ही विजेची दुसरी चाल शिकतो. पण त्याचा स्पेशल (अशा चालींचा जोर ठरवणारा आकडा) फक्त ५०. एवढी जबरदस्त चाल अशा अंगकाठीवर वाया जाते. त्याचं पुढचं रूप रायचू करणार असाल तर ९० होतो, मग चालेल.

माझं मत जोल्टिऑनला, म्हणजे ईवी या पोकेमॉनच्या विजेच्या रूपाला. सेलाडन मॅन्शनच्या मागच्या दाराने वर गच्चीवर जा, तिथल्या खोलीत ईवी फुकट मिळतो. डिपार्टमेंट स्टोअरच्या चौथ्या मजल्यावर थंडर स्टोन २१०० ला आहे. स्टोन लावला की स्पेशल ११०, स्पीड १३०, पण हातात विजेची एकही चाल नाही! थंडर यायला ५४ वी लेव्हल उजाडते. टीएम २४ ची खरी गरज त्यालाच असते. वर तो स्वतः इलेक्ट्रिक असल्यामुळे ९५ पॉवरची चाल दीडपट लागते.

थंडरसाठी थांबू नका. १२० पॉवर बघून डोळे दिपतात, पण अचूकता ७०, म्हणजे सरासरी ८४ च पदरात पडतात. शिवाय पीपी (चाल किती वेळा वापरता येते) १०, थंडरबोल्टचे १५. वर थंडरबोल्टने दहात एकदा समोरचा पॅरालाइज होतो, मग त्याचा स्पीड कोसळतो.

फायदा कळेल तो एलिट फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोर. लोरेलायच्या पाचांपैकी चार पाण्याचे: ड्यूगाँग, क्लॉयस्टर, स्लोब्रो, लाप्रास. लान्सचा ग्याराडॉस तर पाणी अधिक उडणारा, त्याला चौपट बसतं. एलिट फोरमधल्याच ब्रूनोच्या दोन ऑनिक्सवर आणि त्याआधी जिम लीडर जिओव्हानीच्या जमिनीवाल्यांवर मात्र शून्य. तिथे जोल्टिऑनला बाहेर काढूच नका, सर्फ ही पाण्याची चाल येणारा कोणी तरी पुढे करा.

शिकवताना चारही जागा भरलेल्या असतील तर एक चाल विसरायला सांगेल. सँड अटॅक काढा, क्विक अटॅक ठेवा.