चिंगीशी बोलतो, आमच्याशी का नाही?

उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक वडील शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्यासमोर येऊन बसले. बराच वेळ हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पोरगं त्या कुत्रीबरं बोलतंय, वाचून दाखवतंय म्हणं. घरात तोंड उघडत न्हाई. आमी काय वंगाळ वागवतोय काय त्याला?"

शाळेत प्रशिक्षित कुत्रा येऊ लागल्यापासून पालक वेगवेगळ्या शब्दांत मला हेच विचारतात. (मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा सहावीतला. मराठीच्या तासाला मोठ्याने वाचताना जोडाक्षरावर अडखळला, वर्ग हसला. पुढच्या सोमवारपासून पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तीन आठवडे तो टेबलाच्या कडेचा सनमायका नखाने उचकटत बसायचा. मी विचारलं की मान हलवायचा, एवढंच.

चिंगी ही पाच वर्षांची लॅब्रेडॉर. दर बुधवारी तिला सांभाळणाऱ्या ताईंबरोबर येते. पहिल्या दिवशी ती सतरंजीवर लांब पडून राहिली. 'हात लाव' असं त्याला कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या बुधवारी त्याने पाय थोडा तिच्याकडे सरकवला. तिसऱ्या बुधवारी विचारलं, "हिला समजतंय काय आपण बोललेलं?" मग दप्तरातून गोष्टीचं पुस्तक काढलं. 'प्रतिज्ञा' शब्दावर तो अडकला आणि चिंगीकडे बघितलं. तिने नुसता कान हलवला. तो मागे गेला आणि शब्द पुन्हा वाचला. माझ्या ओठांवर 'शाब्बास' आलं होतं, ते मी गिळलं. मी बोलले असते तर त्या खोलीत पुन्हा परीक्षा सुरू झाली असती.

वडिलांना मी हेच सांगितलं. त्याने तुमच्यापेक्षा कुत्रीला जवळ केलेलं नाही. तो 'पोटात दुखतंय' म्हणाला की घरातून लगेच प्रश्न येतात: कुठं दुखतंय, काय खाल्लंस, गृहपाठ राहिलाय का? ते काळजीपोटीच येतात. पण आधीच हसं झालेल्या मुलाला प्रत्येक प्रश्नात पुढची चूक दिसते. चिंगी प्रश्नच विचारत नाही.

ही युक्ती माझी नाही. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांना आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ अबोल मुलं खुलताना दिसली, आणि १९६०च्या दशकात त्यांनी त्यावर लिहिलं. मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवण्याचा उपक्रम अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९९९ साली सुरू झाला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात २४९ विद्यार्थी होते. त्यातल्या ज्यांनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक नुसतं बघत बसलेल्यांपेक्षा कमी आढळलं. ते विद्यार्थी कॉलेजचे होते, म्हणून सहावीच्या मुलाला तोच आकडा मी लावणार नाही. आणि कुत्रा उपचार करत नाही. तो फक्त दार किलकिलं करतो, पुढचं काम माणसांनीच करायचं असतं. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल तर बुधवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करायचा.

"चावलं तर?" हा आयांचा प्रश्न. तो रास्तच आहे. चिंगीची रेबीजची लस दरवर्षी होते, जंताचं औषध वेळेवर असतं, नखं कापलेली असतात, दोरी ताईंच्या हातात असते. ॲलर्जी किंवा भीती असलेल्या मुलाला खोलीत बोलावतच नाही. चिंगीने जांभया द्यायला, ओठ चाटायला, तोंड फिरवायला सुरुवात केली की ती दमली असं समजून आम्ही थांबतो. तिची मर्जीही मुलाच्या मर्जीइतकीच महत्त्वाची. मुलांना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते: गल्लीतलं कुत्रं म्हणजे चिंगी नव्हे, त्याला मिठी मारायला जायचं नाही. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची.

वडिलांना मी एकच काम दिलं. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पोराजवळ बसायचं. अभ्यासाचं विचारायचं नाही, चूक दुरुस्त करायची नाही.

"मग मी करू काय तिथं बसून?"

"चिंगी करते तेच. जवळ राहा."

मराठीच्या बाईंनाही सांगून ठेवलं की त्याला अचानक उभं करू नका. वर्गात तो अजून मोठ्याने वाचत नाही. सोमवारची पोटदुखी मात्र कमी झालीय.

महिन्याभराने वडील पुन्हा आले. म्हणाले, "परवा रात्री आपणहून इचारलं त्यानं. पप्पा, तुमाला शाळेत कोण हसलंतं काय?"

"मग?"

"म्या सांगितलं, व्हय. लई हसलीती. मग निम्मी रात हुईस्तवर बोलत बसलो दोघं."