जाहिरातीत गाणं वाजलं म्हणून लगेच गायकाला शिव्या घालू नका

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हाच प्रश्न ओळखीतल्या जवळपास प्रत्येकानं मला कधी ना कधी विचारलेला आहे. थोडक्यात तुमची तक्रार अशी की कॉलेजपासून जीव की प्राण असलेलं गाणं अचानक एका गाडीच्या जाहिरातीत ऐकू आलं, गायकानं तत्त्वं गुंडाळून ठेवून पैसे घेतले असं वाटलं, त्यात आवाज पण किंचित वेगळा वाटतोय आणि नेमकी तुमची आवडती ओळच गाळलीय. तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. मी बारा-तेरा वर्षं जाहिरातींच्या एडिटिंगमध्ये काढलीत, त्यामुळे पाल्हाळ लागणार, आधीच सांगून ठेवते.

आधी पैशाचं. आपण ज्याला एक गाणं म्हणतो ते कायद्याच्या नजरेत दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे ते गाऊन वाजवून केलेलं रेकॉर्डिंग. पहिली लिहिणाऱ्याची, म्हणजे बऱ्याचदा त्यानं ज्या पब्लिशरला हक्क दिलेत त्याची, आणि दुसरी बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीची. मूळ गाणं जसंच्या तसं जाहिरातीला लावायचं तर दोन्हीकडची परवानगी लागते, शब्द-चालीच्या परवानगीला आमच्यात सिंक म्हणतात आणि रेकॉर्डिंगच्या परवानगीला मास्टर. आता बघा, यात गायक कुठे आला? कुठेच नाही. त्यानं गाणं लिहिलेलं नसेल आणि करारात वेगळी अट घालून ठेवली नसेल तर त्याला जाहिरात टीव्हीवर लागल्यावरच कळतं, तुमच्या-माझ्यासारखं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण नाइकीचं. १९८७ मध्ये त्यांनी बुटांच्या जाहिरातीत बीटल्सचं १९६८ चं 'रिव्होल्यूशन' लावलं, आणि तेही मूळ रेकॉर्डिंग, जे तोवर बीटल्सच्या बाबतीत टीव्हीवर झालं नव्हतं. लोक भडकले, बीटल्स विकले गेले म्हणून बोंब झाली. पण परवानगी दिली कोणी? रेकॉर्डिंगची कॅपिटल-ईएमआयनं. आणि शब्द-चालीचे हक्क ज्या एटीव्ही कंपनीकडे होते ती कंपनी १९८५ मध्येच मायकल जॅक्सननं ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतली होती. म्हणजे बीटल्सचं गाणं, होकार तिसऱ्यांचाच. उलट बीटल्सच्या ॲपल कंपनीनं दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो १९८९ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. तरी आजही लोक छातीठोकपणे सांगतात की बीटल्सनी बुटांसाठी गाणं विकलं.

याच्या अगदी उलट टोकाला डोअर्स हा रॉक बँड. त्यांच्यात ठरलेलं होतं की चौघांपैकी एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय संपला. १९६८ मध्ये 'लाइट माय फायर' ब्यूइक गाडीला द्यायचं बाकीच्या तिघांनी ठरवलं तेव्हा त्यांचा गायक जिम मॉरिसन तिथे नव्हता, परत आल्यावर त्यानं असा काही थयथयाट केला की ती जाहिरात बारगळली. पुढे बऱ्याच वर्षांनी कॅडिलॅकनं दीड कोटी डॉलर देऊ केले, मॉरिसन केव्हाच गेलेला, तरी ड्रमर जॉन डेन्समोर एकटा नाही म्हणाला आणि तेवढ्यावर सौदा फिसकटला. मग कॅडिलॅकनं लेड झेपलिन या दुसऱ्या बँडचं गाणं घेतलं. मला स्वतःला डेन्समोरबद्दल आदर वाटतो पण झेपलिनला नावं ठेवावीशी वाटत नाहीत, ज्यानं त्यानं आपापलं बघावं.

आता आवाज वेगळा वाटतो त्याचं. तुमचे कान बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. शब्द-चालीचा मालक तयार असतो, रेकॉर्डिंगवाला अडून बसतो किंवा आकडा तोंडाला फेस आणणारा सांगतो, मग कंपनी फक्त शब्द-चालीची परवानगी घेते आणि दुसऱ्याकडून गाऊन घेते. हे कायदेशीर आहे. लेव्हाइसची १९८५ ची ती लाँड्रीतली जाहिरात, तरुण येतो, सगळ्यांसमोर कपडे उतरवून मशीनमध्ये टाकतो आणि चड्डीवर शांत बसून राहतो, तिच्यातलं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' हे मार्विन गेचं मूळ रेकॉर्डिंग नाहीच, नव्यानं केलेलं आहे. मजा म्हणजे त्यामुळे मूळ गाणं परत बाजारात आलं आणि १९८६ मध्ये ब्रिटनच्या यादीत ८ व्या नंबरवर गेलं.

पण दुसऱ्याकडून गाऊन घेणं वेगळं आणि नक्कल करून घेणं वेगळं. बेट मिडलर या अमेरिकन गायिकेच्या केसमध्ये फोर्डच्या जाहिरात एजन्सीनं आधी तिलाच विचारलं, तिच्या माणसानं नाही सांगितलं. मग त्यांनी काय करावं? तिच्यामागे दहा वर्षं कोरसमध्ये गाणाऱ्या बाईला बोलावलं आणि सांगितलं की होईल तितकं तिच्यासारखंच गा. गाण्याची रीतसर परवानगी घेतलेली होती बरं का, आणि तिचं नाव किंवा फोटो पण जाहिरातीत कुठे नव्हता. तरी अमेरिकेतल्या अपील कोर्टानं १९८८ मध्ये सांगितलं की ओळखीचा आवाज मुद्दाम हुबेहूब उचलून माल विकणं चालणार नाही, आणि पुढे तिला ४ लाख डॉलर मिळाले. टॉम वेट्सनं तर चिप्सच्या एका रेडिओ जाहिरातीवरून तसाच खटला लढवून २५ लाख डॉलरच्या आसपास भरपाई मिळवली. आवाज म्हणजे माणसाचा चेहराच असतो हे या दोन निकालांनी पक्कं केलं, निदान तिकडे तरी.

तिसरीही एक शक्यता असते, मूळ गायकानंच परत गायलेलं असतं. टेलर स्विफ्टच्या जुन्या रेकॉर्डिंगची मालकी २०१९ मध्ये तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याकडे गेली. पण गाणी तिनं स्वतः लिहिलेली, त्यामुळे जाहिरातीसाठी कोणी जुनं रेकॉर्डिंग मागितलं की शब्द-चालीची परवानगी ती अडवू शकत होती. मग तिनं तीच गाणी नव्यानं गायली, आणि त्या नव्या 'लव्ह स्टोरी'चा तुकडा लोकांनी पहिल्यांदा कुठे ऐकला माहितीये? डिसेंबर २०२० मध्ये मॅच या डेटिंग साइटच्या जाहिरातीत. दोन चाव्यांचं कुलूप आहे हे इतक्या हुशारीनं वापरलेलं मी दुसरं बघितलं नाही.

आता माझा स्वतःचा एक किस्सा सांगते, म्हणजे आतून हे कसं घडतं ते कळेल. एका घड्याळाची ३० सेकंदांची फिल्म होती, म्हातारं जोडपं, स्टेशनवरची भेट वगैरे. कच्चा कट करताना मुक्यानं करता येत नाही, काहीतरी गाणं खाली टाकावंच लागतं, त्याला टेम्प म्हणतात. मी माझ्या आवडीचं एक जुनं गाणं टाकलं. त्याची लय मिनिटाला ९६ ठोके, म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन बरोबर अडीच सेकंदांत, ३० सेकंदांत १२ आवर्तनं चपखल बसली, एक फ्रेम इकडे तिकडे नाही. म्हातारी वळून बघते तिथे बरोबर ठोका. क्लायंटनं बघितलं आणि खोलीत एकदम शांतता. म्हणाले हेच गाणं पाहिजे. तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण पुढचं मला माहीत होतं.

कोटेशन आलं ते अख्ख्या शूटिंगच्या खर्चापेक्षा जास्त. कारण नुसतं गाण्याचे पैसे नसतात, किती देशांत दाखवणार, किती महिने, टीव्हीच की इंटरनेट पण, त्या काळात दुसऱ्या घड्याळवाल्याला देऊ नका अशी अट हवी का, हे सगळं धरून आकडा ठरतो. वर दोन्हीकडचे मालक सहसा एकमेकांएवढीच रक्कम मागतात, म्हणजे एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याला आपोआप. आणि गाणं चौघांनी मिळून लिहिलेलं असेल तर त्यातला पाच टक्केवाला पण सगळं अडकवून ठेवू शकतो.

मग ठरलेलं वाक्य आलं, 'तसंच करून घेऊ या, पण ते नको'. संगीतकार आला, दोनदा ऐकलं आणि शांतपणे विचारलं, किती तसंच? कोणी उत्तर देईना. एजन्सीच्या वकिलांनी कळवलं की चाल मूळ गाण्यापासून लांब न्या, वाद्यं बदला, लय पण तीच ठेवू नका. त्यानं १०० ठोक्यांवर नवीन चाल बांधली, खरंच छान होती. पण १०० ला आवर्तन २.४ सेकंदांचं. आमच्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे आधी एक आवर्तन साडेबासष्ट फ्रेमचं होतं ते झालं ६० चं. अडीच फ्रेमचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही, पण दहाव्या आवर्तनापर्यंत पूर्ण एक सेकंद सरकलेला. म्हातारीची मान ठोका होऊन गेल्यावर वळायला लागली, जणू तिला ऐकूच कमी येतंय. दोन रात्री बसून सगळा कट परत बांधला. इतकं करूनही क्लायंट शेवटपर्यंत म्हणत राहिले की पहिल्यात जी मजा होती ती नाही. तेव्हापासून मी टेम्पला परवडणार नाही असं गाणं टाकणं बंद केलं.

वकील उगाच घाबरत नाहीत हे पुढे न्यूझीलंडमधल्या प्रकरणानं कळलं. तिथल्या नॅशनल पार्टीनं २०१४ च्या निवडणुकीच्या जाहिरातीत तयार संगीत विकणाऱ्या लायब्ररीतून रीतसर विकत घेतलेला ट्रॅक वापरला, त्याचं नावच 'एमिनेम एस्क', म्हणजे एमिनेमसारखं, असं होतं, आता नावातच गुन्हा कबूल केल्यावर काय बोलायचं. एमिनेम या रॅपरच्या 'लूज युवरसेल्फ'ची नक्कल आहे असं कोर्टानं २०१७ मध्ये म्हटलं आणि ६ लाख न्यूझीलंड डॉलर भरपाई लावली, अपिलात ती सव्वादोन लाखांवर आली.

राहिली तुमची गाळलेली ओळ. ३० सेकंदांत गाणं कापावं लागतं हे एक, पण खरं कारण बहुतेकदा अर्थ. रँग्लर जीन्सच्या जाहिरातीत क्रीडन्स या अमेरिकन बँडचं १९६९ चं 'फॉर्च्युनेट सन' होतं. गाणं सुरू होतं झेंड्याच्या वर्णनानं, आणि पुढच्याच ओळीपासून श्रीमंतांची पोरं युद्धातून कशी सुटतात यावर कोरडे. जाहिरातीत फक्त झेंडा ठेवला, कोरडे कापले. ज्यानं ते लिहिलं आणि गायलं त्या जॉन फोगर्टीकडे हक्कच नव्हते, तो नुसता चिडू शकत होता, आणि चिडला. क्रूझवाल्यांनी इगी पॉपचं 'लस्ट फॉर लाइफ' लावलेलं, ज्याच्या शब्दांत दारू नि ड्रग्ज आहेत, आणि पडद्यावर हसरी कुटुंबं पाण्यात खेळतायत. ऐकणाऱ्याला ड्रम आणि दोन शब्द पुरतात हे त्यांना बरोबर माहीत असतं. तुमची ओळ जर उदास किंवा टोचणारी असेल तर ती पहिल्याच मीटिंगमध्ये गेली असणार.

गाणं यामुळे नासतं का, यावर माझं मत ठाम नाही. निक ड्रेक हा गायक १९७४ मध्ये वारला तेव्हा त्याला फार थोडे लोक ओळखत होते. १९९९ च्या शेवटी फोक्सवॅगननं त्याचं 'पिंक मून' लावलं, चार तरुण रात्री उघड्या गाडीतून जातायत, पार्टीच्या दारात पोचतात, आतला गोंगाट बघून एकमेकांकडे बघतात आणि गाडी मागे घेऊन परत चांदण्यात. कोणी काही बोलत नाही, नुसती गिटार आणि तो आवाज. त्यानंतर त्याच्या रेकॉर्ड इतक्या खपल्या जितक्या त्याच्या हयातीत कधी खपल्या नव्हत्या. उलट 'स्पेसमन' या गाण्याचं बघा, १९९६ मध्ये लेव्हाइसच्या जाहिरातीत त्याचा फक्त पळवलेला, चिरक्या आवाजाचा तुकडा होता, ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात चार लाखांवर सिंगल खपलं आणि घरी नेऊन लावल्यावर लोकांच्या लक्षात आलं की मधलं सगळं गाणं जड, संथ नि वेगळंच आहे. अवांतर: कार्पेंटर्सचं 'वुइव्ह ओन्ली जस्ट बिगन' लग्नांत वाजतं ना, ते मुळात १९७० मधल्या एका बँकेची जाहिरात होती, रिचर्ड कार्पेंटरनं टीव्हीवर ऐकून ते पूर्ण गाणं म्हणून मागून घेतलं. ते कोणाला नासलेलं वाटत नाही, कारण आपण ते आधी गाणं म्हणून ऐकलं.

तुमच्या जाहिरातीपुरतं सांगायचं तर हेडफोन लावून मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐका. सुरांकडे लक्ष देऊ नका, ते कोणीही जुळवतो. गायक ओळीच्या आधी श्वास कुठे घेतो आणि शेवटचं अक्षर कसं सोडतो ते ऐका. रेकॉर्डिंग तेच असेल तर श्वास तिथेच असतो, वेगळं असेल तर सहसा तिथेच पकडलं जातं. फक्त शेवटच्या दोन-तीन सेकंदांवरून, जिथे कंपनीचं नाव येतं आणि गाणं झटक्यात संपतं, काही ठरवू नका. तो शेवट मूळ गाण्यात नसतोच, पुढचा कुठला तरी ठोका उचलून आम्हीच तिथे चिकटवलेला असतो.